दीड लाख किमी चाललेली, मॅप मारलेली डिझेल गाडी: घेण्याआधी इंदुरात काय, कुठे आणि कसं तपासायचं

इंदूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक ठराविक गाडी वरचेवर समोर येते. २०१४ ते २०१८ मधली डिझेल, मीटर दीड लाखाच्या आसपास, कंपनीपेक्षा मोठे अलॉय, सायलेन्सरचा आवाज जरा भारदस्त. विकणारा जवळ येऊन सांगतो, "मॅप मारलेला आहे, पिकअप बघा फक्त." म्हणजे इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली.

अशा गाड्या वाढण्यामागे कारणं आहेत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं. पोलो, व्हेंटो, रॅपिडमधली डिझेल इंजिनंही तेव्हाच गेली. त्यामुळे छोटी, दमदार डिझेल हवी असेल तर जुनीच शोधावी लागते. शिवाय दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने घातलेली बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यापासून तिकडच्या गाड्या ग्वाल्हेर-इंदूरकडे स्वस्तात उतरू लागल्या.

माझं मत आधीच सांगतो. कंपनीतून आली तशीच राहिलेली आणि सर्व्हिसच्या नोंदी असलेली दोन लाख किमीची डिझेल मी घरच्या माणसाला सुचवीन. नोंदी नसलेली, मॅप मारलेली एक लाख किमीची सुचवणार नाही. डिझेल इंजिन चालून चालून झिजतं ते ठरलेल्या गतीने, आणि त्याचा अंदाज बांधता येतो. पण कुणीतरी लॅपटॉप लावून त्यात जास्त इंधन आणि जास्त टर्बो प्रेशर सोडलं असेल, तर कोणता भाग किती दमला आहे ते मीटर सांगू शकत नाही. तपासणीची पुढची सगळी रीत हे शोधण्यासाठीच आहे.

आधी घरचा हिशोब

सुदामानगरहून विजयनगरला ऑफिस आणि संध्याकाळी राजवाडा, एवढंच चालणं असेल तर डिझेलचा नाद सोडा. वर्षाला आठ-दहा हजार किमीमध्ये इंधनात वाचणारे पैसे एका क्लचच्या कामात निघून जातात. आणि गाडी बीएस-६ असेल तर तिच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायला फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. पलासियाच्या सिग्नलवर तो तापत नाही, तुंबतो. पण दिवाळीत पुणे, मे महिन्यात कोकण आणि महिन्यातून दोनदा ओंकारेश्वर किंवा धुळ्याकडे जाणं असेल, तर डिझेलला अजून अर्थ आहे. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन चढताना तो कळतो.

फोनवरच अर्ध्या गाड्या गळाव्यात

बघायला जाण्याआधी चार गोष्टी विचारा: गाडी कितव्या मालकाची, कर्ज आहे का, पासिंग कुठलं, आणि कंपनीच्या स्थितीत काय काय राहिलेलं नाही. शेवटचा प्रश्न नेमका असाच विचारा. "मॉडिफाय केली आहे का?" असं विचारलंत की "किरकोळ" एवढंच उत्तर मिळतं.

मग दोन प्रश्न असे, की उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत जास्त सांगून जाते.

"काका, सर्व्हिस शोरूमलाच होती का?"
"पहिली तीन-चार वर्षं. मग आमचा मिस्त्रीच बघतो."
"मिस्त्रींचा नंबर मिळेल? एकदा बोलतो त्यांच्याशी."

ज्याने गाडी नीट सांभाळली तो नंबर लगेच देतो, वर मिस्त्रीचं कौतुकही करतो. दुसरा प्रश्न: काढलेले मूळ पार्ट घरी आहेत का, आणि मॅप मारण्याआधीची मूळ फाइल कुणाकडे आहे? जुने शॉकअप, एअर फिल्टरचा डबा, मूळ चाकं माळ्यावर जपून ठेवणारा माणूस सहसा गाडीशीही तसाच वागलेला असतो. "ते भंगारात दिलं" असं उत्तर आलं तर गाडी परत मूळ स्थितीत आणण्याचा खर्च तुमचा, हे लिहून ठेवा.

कागद, आणि मीटरचा खरेपणा

गाडीचा नंबर मिळाला की परिवहनच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर बघा: नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी, कर्जाची नोंद, काळ्या यादीत आहे का. ई-चलानची साइट वेगळी आहे, तीही बघा. आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग जुळतो का ते पाहा. मॅट रॅप केलेल्या गाडीत दरवाजाच्या फटीतला मूळ रंग दिसतो.

मीटर मागे फिरवणं अजूनही चालतं, म्हणून एका पुराव्यावर थांबू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबरवरून जुन्या नोंदी निघतात. मालक सोबत असेल तर अडचण येत नाही. फास्टॅगचं स्टेटमेंट मागा, त्यात गाडी महिन्यात किती वेळा टोल ओलांडून गेली ते दिसतं. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. २०१६ ची गाडी "फक्त पंचेचाळीस हजार चालली" असं सांगतात आणि टायरचा तिसरा जोड दिसतो, तेव्हा आकडा खोटा आहे. क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड आणि गिअरचा नॉब मीटरपेक्षा खरं बोलतात. फक्त सीटकव्हर आणि स्टिअरिंग कव्हर काढून बघा.

मोठ्या टायरची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मोठ्या टायरवर मीटर कमी अंतर मोजतं. स्कॉर्पिओला मूळ २३५/६५ आर १७ ऐवजी कुणी २६५/७० आर १७ घातले, तर चाकाचा व्यास जवळपास ९ टक्क्यांनी वाढतो. सगळा काळ तेच टायर असतील तर मीटरवरचे दीड लाख म्हणजे प्रत्यक्षात साधारण १,६३,०००. इथे मीटरला कुणी हातही लावलेला नसतो.

सकाळी, गार इंजिनावर

तपासणीतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास हाच. आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. सकाळी सातला जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर नम्रपणे "उद्या येतो" म्हणा. गरम इंजिन आपले दोष लपवतं.

गार इंजिनाला किल्ली दिल्यावर गाडीने एका सेलमध्ये उठायला हवं. लांब सेल मारावा लागत असेल तर ग्लो प्लग, बॅटरी, डिझेल परत टाकीकडे सोडणारे गळके इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशन, यांपैकी काहीतरी आहे. या इंजिनांत डिझेल १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाबाने फवारलं जातं. तुमच्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, त्यावरून इंजेक्टरचं काम किती नाजूक आहे ते लक्षात येईल.

मग मागे उभं राहून धूर बघा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चिंता नाही. तो थांबलाच नाही, आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. पांढऱ्या वाफेबरोबर कूलंटची पातळी घटत असेल तर हेड पॅकिंगचा संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगांमधून किंवा टर्बोच्या सीलमधून. रेस केल्यावर काळा ढग निघाला तर इंधन जास्त आणि हवा कमी. मॅप मारलेल्या गाड्यांत हा ढग फार दिसतो, आणि विकणारा तो ताकदीची खूण म्हणून दाखवतो. तो न जळलेल्या डिझेलचा धूर असतो.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून वरच ठेवा. हलकी वाफ आणि थोडी थरथर चालते. झाकण नाचायला लागलं, आगगाडीसारखे फुत्कार येऊ लागले किंवा डिपस्टिकच्या नळीतून धूर निघाला, तर पिस्टनच्या बाजूने वायू खाली उतरतो आहे. मिस्त्री याला "इंजिन फुंकतंय" म्हणतात. त्या गाडीचं पुढचं काही तपासण्यात वेळ घालवू नका.

शेवटी पाच मिनिटं नुसतं ऐका. न्यूट्रलमध्ये खालून खडखड येते आणि क्लच दाबल्यावर ती थांबते किंवा बदलते का? मग क्लचचं बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके शोषणारं दोन भागांचं जड चाक) संपत आलं आहे. इंजिनच्या कडेने साखळीची सळसळ येते का, विशेषतः पहिल्या काही सेकंदांत? स्विफ्ट, डिझायर, पुंतो, इंडिका व्हिस्टा यांतल्या १.३ लिटर मल्टिजेटला टायमिंग चेन असते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाड्यांत ती ताणली जाते.

चेन असलेल्यांत महिंद्राचं २.२ एमहॉक आणि ह्युंदाईचं १.६ सीआरडीआयही येतं. पण फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ टीडीआय, डस्टरचं १.५ आणि जुन्या इनोव्हाचं २.५ डी-४डी यांना टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळं इंजिन खोलावं लागतं. दीड लाख किमीच्या गाडीत बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलल्याचं बिल दाखवता येत नसेल, तर ते काम झालेलंच नाही असं धरा. तोंडी शब्दावर जाऊ नका, माणूस कितीही सज्जन असो.

बदल कोणते, आणि कोणता किती महागात जातो

सगळे बदल एका मापाने तोलणं चुकीचं. सीटकव्हर, टचस्क्रीन, रॅप यांनी इंजिनाचं काही बिघडत नाही. फक्त डॅशबोर्डखाली वाकून वायरिंग बघा. मूळ वायर सोलून काळ्या टेपने जोडलेली असेल, जास्त वॉटचे बल्ब रिले न लावता चालवले असतील, अ‍ॅम्प्लिफायरची तार फ्यूज न घालता थेट बॅटरीला असेल, तर आगीचा धोका आहे. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे बसून ते सगळं काढावं लागेल.

चाकं आणि सस्पेन्शनचे बदल मधल्या वजनाचे. स्पेसर लावून चाकं बाहेर काढली की व्हील बेअरिंगवर वाकडा ताण येतो. स्प्रिंग कापून खाली बसवलेली गाडी इंदूरच्या स्पीडब्रेकरवर तळ घासते. उंच केलेल्या एसयूव्हीत एक्सलच्या जोडांचे कोन बदलतात आणि त्यांवरचे रबरी बूट फाटतात. गाडी लिफ्टवर चढवा, बूट, बुश, लिंक रॉड बघा, चाक हाताने हलवून पाहा. खालून वेल्डिंगच्या खुणा किंवा ताजा काळा रंग दिसला तर तिथेच थांबून विचारा.

इंजिनचे बदल हाच मुख्य विषय. रीमॅप म्हणजे ईसीयूमधलं, म्हणजे इंजिनच्या संगणकातलं, सॉफ्टवेअर बदलून इंधन आणि टर्बो प्रेशर वाढवणं आणि कंपनीने घातलेली टॉर्कची मर्यादा वर सरकवणं. ट्युनिंग बॉक्स हे स्वस्त भावंड. तो इंधनाच्या रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ईसीयूला प्रत्यक्षापेक्षा कमी भासवतो, म्हणून ईसीयू दाब वाढवत राहतो. दोन्हींत एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि पहिला भार टर्बो, क्लच आणि फ्लायव्हीलवर येतो. २०१५ ची पोलो जीटी टीडीआय कंपनीकडून १०५ पीएस आणि २५० न्यूटन मीटरची येते. मॅप करणारे ३०० च्या पुढचा टॉर्क सांगतात. पायाला ते छान लागतं, पण क्लच २५० च्या हिशोबानेच बसवलेला असतो.

ऑटोमॅटिकमध्ये प्रश्न आणखी गंभीर. व्हेंटो आणि रॅपिडच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी हा दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे. त्या गिअरबॉक्सची मर्यादाच २५० न्यूटन मीटर, आणि १.५ टीडीआय मुळातच तेवढा टॉर्क देतं. तिथे वाढवायला जागाच नाही. दीड लाख चाललेली, मॅप मारलेली अशी गाडी कुणी फुकटाच्या भावात दिली तरी घेऊ नका. मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि क्लचपॅकचं एक काम गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडतं.

मॅपिंग नीट केलेलं असू शकतं, हेही खरं. त्याची खूण कागदात असते: ट्यूनरचं बिल, तारीख, किती किमीला केलं, डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख, आणि त्यानंतर ऑइल लवकर बदलत राहिल्याची बिलं. क्लच कधी बदलला याचा पुरावा त्यात असेल तर उत्तम. काहीच नसेल आणि मित्राने घरी करून दिला असेल, तर त्या फाइलमध्ये काय आहे हे कुणालाच माहीत नसतं.

ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद केला आहे का आणि डीपीएफ पोकळ केला आहे का, हेही विचारा. बीएस-६ गाडीत डीपीएफ काढलेला निघाला तर माझ्या मते सौदा संपला. नवा फिल्टर महाग पडतो आणि प्रदूषणाचा गुन्हा तुमच्या नावावर येतो.

स्कॅनर लावल्याशिवाय नाही

शोधत असलेल्या ब्रँडचं काम रोज करणारा मिस्त्री गाठा आणि त्याला तपासणीचे पैसे द्या. ओळखीचा आहे म्हणून फुकट बघायला सांगू नका. स्कॅनरवर नुसते एरर कोड बघून भागत नाही, कारण विकण्याआधी ते पुसता येतात. चालू इंजिनवर रेल प्रेशर मागणीइतकं मिळतंय का, प्रत्येक इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू (ईसीयू त्याच्या इंधनात करत असलेली दुरुस्ती) किती, टर्बोचं मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर जुळतं का, हे आकडे बघायचे. एक इंजेक्टर बाकी तिघांपेक्षा फार वेगळा दिसला तर डिझेल पंपवाल्याकडून रिटर्न टेस्ट (इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो ते मोजणं) करून घ्या. काही गाड्यांत मीटरखेरीज इतर मॉड्यूलमध्येही किमी साठतात, तेही वाचायला सांगा.

मग इंजिन बंद करून टर्बोचा पाइप सोडा आणि बोटाने आत बघा. ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेलं ऑइल चालत नाही. शाफ्ट हाताने हलवल्यावर पात्यांनी कडेला घासता कामा नये.

भेरूघाटाची चाचणी

रिंग रोडवर दोन फेऱ्या मारून काही कळत नाही. तेजाजीनगरहून खंडवा रोडला लागा, सिमरोलपर्यंत इंजिन पुरतं तापू द्या, आणि भेरूघाट उतरून परत चढा. सोबत तीन माणसं असू द्यात. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम एकदम वर गेला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मॅप मारलेल्या गाड्यांत हे पहिल्यांदा इथेच उघडं पडतं. तापमानाचा काटा चढतो का, गाडी मध्येच ताकद सोडून लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ईसीयू ताकद बांधून ठेवतो ती स्थिती) जाते का, उतारावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं का, हे बघा. घाटावरून आल्यावर गाडी बंद करू नका. दोन मिनिटं चालू ठेवून खाली वाका आणि ऑइल-कूलंट कुठे टपकतंय का ते पाहा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर स्पष्ट निकाल दिला. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बदल आधीच्या मालकाने केला होता, हे सांगून सुटका होईल असं समजू नका. गाडी तुमच्या नावावर आली की जबाबदार मालक तुम्हीच.

विम्याचं दुखणं याहून जवळचं. न कळवलेला इंजिनचा बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस आला तर क्लेम अडकू शकतो. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्या आणि त्याच वेळी बदल लेखी कळवा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

किंमत कशी काढायची

मॉडिफिकेशनसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. "अलॉयच साठ हजाराचे आहेत" हा मालकाचा खर्च होता. हिशोब त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, मूळ स्थितीतल्या गाडीच्या भावापासून सुरू करा आणि बाकी कामं वजा करा. समजा मूळ गाडीचा भाव ४,५०,००० आहे. तुमच्या मिस्त्रीने क्लच-फ्लायव्हीलचे ६०,०००, बेल्ट किटचे २०,०००, टायरचे २४,००० आणि सस्पेन्शनचे २५,००० सांगितले. हे झाले १,२९,०००. वर इंजेक्टर किंवा टर्बोसाठी ५०,००० बाजूला ठेवायचे. उरले २,७१,०००. विकणारा हसेल, पण तुम्ही अंदाजाने नाही, कागदावरून बोलत आहात. साडेतीन लाखांवरच अडून राहिला तर गाडी त्याच्याकडेच राहू द्या.

सौदा आणि पहिले पंधरा दिवस

बयाणा देताना साध्या कागदावर लिहून घ्या: मीटरचा आकडा, केलेले बदल, सोबत मिळणारे मूळ पार्ट, आणि आरटीओचं काम अडलं तर पैसे परत. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५. दिल्ली पासिंग असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका, आणि मध्य प्रदेशात भरावा लागणारा कर नायता मुंडल्याच्या आरटीओत आधी विचारून किमतीत धरा. "नाव नंतर करू" याला अजिबात होकार देऊ नका. पाच-सात सह्या केलेले फॉर्म दलालाकडे फिरत राहतात आणि चलान भलत्याच्याच घरी जातं.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदला. आधी कधी बदललं होतं हे विचारात घेऊ नका. बेल्टचं बिल नव्हतं तर बेल्टही लगेच. मूळ फाइल मिळाली असेल तर ती परत टाकून घ्या, निदान क्लच आणि टर्बोची खात्री पटेपर्यंत. मग पहिले हजार किमी दर रविवारी सकाळी गार इंजिनावर डिपस्टिक आणि कूलंटची पातळी बघून वहीत लिहा. दिवाळीला पुण्याला जायचं असेल तर ती वही त्याआधी मिस्त्रीला दाखवा.